घाट, ताप आणि शनिवारची रात्र

शनिवारी रात्री साडेआठची वेळ. साताऱ्यातल्या लॉजच्या खोलीत कॉटवर उद्याची सगळी तयारी मांडून ठेवली होती. टी-शर्ट, त्यावर चार पिनांनी लावलेला क्रमांकाचा बिब, बूट, मोजे, खजुराची पुडी. व्हॅसलिनची डबी काढायला दादाच्या पिशवीत हात घातला आणि हाताला गोळ्यांची स्ट्रीप लागली. पॅरासिटामॉल. दहातल्या सहा संपलेल्या.

"हे काय रे?"

"काही नाही गं. मंगळवारी जरा कणकण होती. आता बरं आहे."

"जरा कणकण आणि सहा गोळ्या?"

दादा गप्प. वहिनींनी कपड्यांच्या घड्या घालता घालता वर न बघता सांगितलं, "काल रात्री पण एक घेतली त्यांनी. अंग दुखतंय म्हणाले."

मी त्याचं घड्याळ मागितलं. त्याचे पहाटेचे, झोपेतून उठतानाचे नाडीचे ठोके एरवी मिनिटाला ६० ते ६२ असतात. बुधवारपासून ते ७४च्या खाली आले नव्हते. आमची अर्धमॅरेथॉन सुरू व्हायला दहा तास उरले होते.

५३चा आकडा

आमचे नाना हृदयविकाराच्या झटक्याने गेले तेव्हा ५३ वर्षांचे होते. दादा तेव्हा नुकता नोकरीला लागला होता, मी कॉलेजात. आता दादा ५२चा आहे आणि येत्या डिसेंबरात तो ५३ पूर्ण करील. या विषयावर तो कधी बोलत नाही. पण तीन वर्षांपूर्वी तपासणीत त्याची तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, ६.१ आली. मधुमेह नाही, पण मधुमेहाच्या उंबरठ्यावर. दुसऱ्या दिवसापासून तो चालायला लागला. सहा महिन्यांनी पळायला लागला आणि वर्षभरात मलाही त्याने ओढलं.

वडील किंवा भावाला वयाच्या ५५ वर्षांआधी, आई किंवा बहिणीला ६५ वर्षांआधी हृदयविकार झाला असेल तर आपला धोका वाढतो, असं वैद्यकशास्त्र मानतं. म्हणून लांब पल्ल्याच्या धावण्याआधी आम्ही दोघांनी रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, ईसीजी, टूडी एको आणि ट्रेडमिलवरची स्ट्रेस टेस्ट करून घेतली होती. सगळं व्यवस्थित होतं. प्रत्येक धावणाऱ्याला एवढ्या तपासण्या लागतात असं नाही. पण चाळिशी ओलांडलेली, घरात हृदयविकार, स्वतःला रक्तदाब, मधुमेह किंवा तंबाखूची सवय, यांतलं काही असेल तर बूट घेण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

त्यानंतरचे पाच महिने आम्ही ठाण्यात येऊरच्या चढावर घालवले. आठवड्यातून तीन दिवस सावकाश धावणं, एक दिवस चढ, रविवारी लांबचं अंतर. नोंदणी केली, लॉज आरक्षित केला, दोघांनी सोमवारची रजा टाकली. वहिनींनी कास पठार बघायचं ठरवलं. शनिवार-रविवारच्या सहलीत शर्यत बसवायची, असा बेत होता.

सातारा आणि २१ किलोमीटर

अर्धमॅरेथॉन म्हणजे २१.०९७५ किलोमीटर. हा विचित्र आकडा मूळ मॅरेथॉनच्या ४२.१९५ किलोमीटरचा निम्मा आहे, आणि ते अंतर १९०८च्या लंडन ऑलिंपिकमधून आलं. विंडसर राजवाड्यापासून स्टेडियममधल्या राजघराण्याच्या आसनांपर्यंत जेवढं भरलं, तेवढं पुढे १९२१मध्ये जगाने प्रमाण मानलं.

साताऱ्यात २०१२पासून होणारी डोंगरातली अर्धमॅरेथॉन महाराष्ट्रातल्या धावणाऱ्यांमध्ये मानाची समजली जाते. शहरातून निघायचं, समर्थ मंदिराकडून यवतेश्वराचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याने पुढे जायचं आणि त्याच वाटेने परत उतरायचं. सातारा शहर समुद्रसपाटीपासून साधारण ७०० मीटरवर, कासचं पठार साधारण १२०० मीटरवर. पावसाळ्याच्या शेवटी हा घाट हिरवागार असतो, धुकं असतं, आणि गावातली माणसं सकाळी सकाळी टाळ्या वाजवायला रस्त्यावर येतात. धावणं या जिल्ह्याला नवं नाही. २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठणारी ललिता बाबर इथल्याच माण तालुक्यातली.

पण धावायला बाहेरगावी जाणं आणि घराजवळ धावणं यांत फरक आहे. घरून पाच-सहा तासांचा गाडीचा प्रवास, परकं अंथरूण, हॉटेलचं जेवण, आणि "एवढ्या लांब आलोच आहोत तर" या वाक्याने सुरू होणारे सगळे बेत. शनिवारी दुपारी सामान टाकल्यावर वहिनी म्हणाल्या, "अजिंक्यताऱ्यावर जाऊन येऊ या का? संध्याकाळपर्यंत वेळच वेळ आहे." एरवी मी उड्या मारत गेले असते. पण किल्ला चढून उतरलेल्या पायांनी दुसऱ्या दिवशी घाट चढायचा म्हणजे उधारीवर धावण्यासारखं. शर्यतीच्या आदल्या दिवशी अर्धा तास पाय मोकळे करावेत, बाकी वेळ बसावं किंवा पडावं. वहिनी एकट्या जाऊन आल्या आणि येताना कंदी पेढे घेऊन आल्या. ते आम्ही उद्यासाठी बांधून ठेवले.

जेवणाचं गणित सोपं आहे. धावताना दर किलोमीटरला, वजनाच्या दर किलोमागे साधारण एक किलोकॅलरी खर्च होते. माझं वजन ६० किलो, म्हणजे २१ किलोमीटरला साडेबाराशेच्या आसपास. नीट जेवलेल्या माणसाच्या स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेनच्या रूपाने साधारण पंधराशे ते दोन हजार किलोकॅलरी साठवलेल्या असतात, आणि सोबत चरबीही जळत असतेच. त्यामुळे अर्धमॅरेथॉनसाठी आदल्या रात्री पोट फुटेस्तोवर खाण्याची गरज नसते. आम्ही वरण-भात, बटाट्याची भाजी आणि दही खाल्लं. झणझणीत रस्सा शेजारच्या टेबलावर होता, त्याचा वासच घेतला. तेलकट आणि तिखट जेवण पोटात जास्त वेळ राहतं आणि सकाळी सात वाजता घाटात त्याची आठवण करून देतं.

इथपर्यंत सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. मग ती स्ट्रीप सापडली.

ताप उतरला म्हणजे गेला का?

सप्टेंबर महिना म्हणजे आपल्याकडे तापांचा मोसम. साधे विषाणूजन्य ताप, फ्लू, डेंग्यू, सगळेच या दिवसांत फिरत असतात. धावणाऱ्यांमध्ये एक ढोबळ नियम वापरतात. त्रास मानेच्या वर असेल, म्हणजे नुसतं नाक गळतंय, थोडा घसा खवखवतोय, तर हलका व्यायाम चालतो. त्रास मानेच्या खाली असेल, म्हणजे ताप, अंगदुखी, छातीत भरलेला कफ, जुलाब, तर व्यायाम बंद. दादाला सर्दीचा थेंबही नव्हता. ताप, अंगदुखी आणि थकवा होता.

यातली खरी काळजी हृदयाची असते. काही विषाणू क्वचित हृदयाच्या स्नायूंनाही सूज आणतात. याला मायोकार्डायटिस म्हणतात. बहुतेकदा ती सूज सौम्य असते, कळतही नाही आणि विश्रांतीने बरी होते. पण त्याच काळात हृदयाला दोन-तीन तास जोरात पळवलं तर सूज वाढू शकते आणि ठोक्यांची लय बिघडू शकते. धडधाकट तरुण खेळाडूंच्या अचानक मृत्यूंमागे जी कारणं सापडतात, त्यांत मायोकार्डायटिस एक आहे. पॅरासिटामॉल ताप उतरवतं, अंगदुखी कमी करतं. आजार ते बरा करत नाही. ते फक्त आजाराचा आवाज कमी करतं. विश्रांतीच्या वेळची नाडी चार दिवस दहा-बारा ठोक्यांनी वर असणं म्हणजे हृदयविकार नव्हे. झोप कमी झाली, मनावर ताण असला तरी ती वाढते. पण शरीर कशाशी तरी झगडतंय एवढं त्यातून नक्की कळतं.

हे मी दादाला सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तूच नाही का मागे लिहिलं होतंस, शर्यतीत हृदय बंद पडण्याचा धोका लाखात एकापेक्षा कमी असतो म्हणून?"

लिहिलं होतं, आणि ते खरं आहे. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात मॅरेथॉन आणि अर्धमॅरेथॉन धावलेल्या सुमारे एक कोटी नऊ लाख स्पर्धकांचा अभ्यास २०१२मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हृदय बंद पडल्याच्या ५९ घटना आढळल्या. पूर्ण मॅरेथॉनमध्ये लाखामागे साधारण एक, अर्धमॅरेथॉनमध्ये त्याच्याही जेमतेम पाव हिस्सा, म्हणजे साधारण पावणेचार लाखांत एक. या घटना पुरुषांमध्ये जास्त होत्या. जे वाचले, त्यांच्या वाचण्यात आजूबाजूच्या माणसांनी लगेच छाती दाबून दिलेल्या सीपीआरचा मोठा वाटा होता.

"पण तो आकडा सगळ्या गर्दीचा आहे," मी म्हटलं. "त्यातली बहुतेक माणसं त्या दिवशी ठणठणीत होती. तू अंगात ताप मुरवून उभा राहिलास की तू त्या गर्दीतला उरत नाहीस. तुझा आकडा कुणालाच माहीत नाही."

"पाच महिने घासलेत मी. खोलीचे पैसे भरलेत. रजा टाकलीये."

हे कारण मला आकडेवारीपेक्षा जड वाटलं, कारण ते खरं होतं. घराजवळची शर्यत असती तर अलार्म बंद करून कूस बदलता येते. बाहेरगावच्या शर्यतीत मात्र आपण आधीच पेट्रोल, खोली, रजा, घरच्यांचा वेळ असं सगळं ओतलेलं असतं. अर्थशास्त्रात याला बुडीत खर्च म्हणतात. धावलो काय आणि नाही काय, तो पैसा परत येणार नसतो. तरीही तो वाया जाऊ नये म्हणून आपण अजून मोठी किंमत लावायला तयार होतो. शर्यतीच्या आदल्या रात्री कितीतरी माणसं ताप, जुलाब, सुजलेला गुडघा लपवून झोपत असतील, त्याचं मूळ इथेच आहे.

शेवटी वहिनींनी ठाण्यातल्या आमच्या डॉक्टरांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"ताप शेवटचा कधी मोजलास?"

"गुरुवारी रात्री. शंभर होता."

"काल गोळी घेण्याआधी?"

"मोजला नाही."

"म्हणजे ताप कधी गेला हे तुलाच ठाऊक नाही. छातीत दुखतंय? धाप? धडधड?"

"नाही."

"असतं तर आत्ता रुग्णालयात जायला सांगितलं असतं. हे बघ, पळू नकोस असं मी म्हणत नाही. उद्या पळू नकोस म्हणतोय. सोमवारी येऊन रक्त तपास."

फोन ठेवल्यावर खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही. मग दादाने टी-शर्टवरच्या चारही पिना एकेक करून काढल्या. बिबच्या मागच्या बाजूला त्याने संध्याकाळीच रक्तगट, औषधांची माहिती आणि वहिनींचा फोन नंबर लिहून ठेवला होता. लॉजच्या व्हरांड्यात पुण्याचा एक तरुण भेटला होता. त्याच्या मित्राची नोंदणी हुकली होती. त्याने विचारलं, "काका, तुमचा बिब देता का?" दादा नाही म्हणाला. आडमुठेपणा म्हणून नाही. दुसऱ्याच्या बिबवर धावणारा माणूस रस्त्यात कोसळला तर डॉक्टरांच्या हातात चुकीचा रक्तगट, चुकीचं वय आणि भलत्याच घरचा फोन नंबर येतो.

परक्या खोलीतली झोप

त्या रात्री मला झोप लागली नाही. त्यात दादाची काळजी होतीच, पण परकी खोलीही होती. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६मध्ये दाखवून दिलं, की नव्या जागेतल्या पहिल्या रात्री गाढ झोपेतही मेंदूचा डावा अर्धा भाग उजव्यापेक्षा जागा राहतो, बारीकशा आवाजालाही प्रतिसाद देतो. जणू निम्मा मेंदू पहाऱ्यावर बसतो. दुसऱ्या मुक्कामापासून हा फरक ओसरतो.

दिलासा एवढाच, की एका रात्रीच्या अपुऱ्या झोपेने स्नायूंची ताकद फारशी घटत नाही. तेच काम जास्त कष्टाचं वाटतं, इतकंच. म्हणून बाहेरगावी धावायला जाणाऱ्यांनी शुक्रवारची, म्हणजे स्वतःच्या घरची शेवटची झोप सांभाळावी. आमची शुक्रवारची रात्र पिशव्या भरण्यात एक वाजेपर्यंत गेली होती. ती चूक आमची.

चढ फुप्फुसांचा, उतार मांड्यांचा

सकाळी दादा मला सोडायला आला. अंगात स्वेटर, हातात छत्री. "समर्थ मंदिरापाशी उभा राहतो," एवढंच म्हणाला.

घाट सुरू झाला तेव्हा भुरभुर पाऊस होता. या उंचीवर हवा विरळ झाल्याने दम लागतो असं काहींना वाटतं, पण हजार-बाराशे मीटरवर तो परिणाम नगण्य असतो. दम लागतो तो चढामुळे. शिवाय हवेत इतका ओलावा असतो की घाम वाळत नाही. घाम वाळतो तेव्हाच शरीर थंड होतं. नुसता गळला तर पाणी जातं, उष्णता जात नाही. त्यामुळे पावसाळी गारव्यातही अंग तापतं.

चढावर घड्याळातला वेग बघू नये. सपाटीवर किलोमीटरला सात मिनिटं लागणाऱ्याला तिथे साडेआठ-नऊ लागू शकतात. साधी कसोटी ही, की शेजारच्याशी एक पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांवर दम तुटत असेल तर सरळ चालावं. तीव्र चढावर सावकाश धावणं आणि भराभर चालणं यांत वेळेचा फरक थोडा पडतो, श्रमाचा बराच. मी प्रत्येक मोठ्या वळणावर तीसेक पावलं चालले, आणि ज्यांनी मला पायथ्याशी मागे टाकलं होतं त्यांतले बरेच जण मला वर भेटले.

पाण्याबद्दल दोन टोकाच्या चुका होतात. एक, प्यायचंच नाही. दुसरी, दिसेल त्या टेबलावर प्यायचं. सावकाश धावणाऱ्यांना दुसरी जास्त धोक्याची. २००२च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ स्पर्धकांच्या रक्ताची तपासणी झाली. त्यातल्या १३ टक्के लोकांच्या रक्तात सोडियम कमी झालेलं आढळलं. ज्यांचं वजन शर्यतीत घटण्याऐवजी वाढलं, म्हणजे ज्यांनी घामापेक्षा जास्त पाणी पोटात ढकललं, त्यांच्यात हे प्रमाण जास्त होतं. सोडियम फार उतरलं तर डोकेदुखी, उलट्या, गोंधळल्यासारखं होणं, आणि वेळ आली तर मेंदूला सूज. म्हणून तहान लागेल तसं, घोट-दोन घोट प्यावं. दोन तासांहून जास्त वेळ लागणार असेल तर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जावीत. एका मध्यम केळ्यात वीस-पंचवीस ग्रॅम असतात. बाकी भर खजुराने पडते.

अर्ध्या वाटेवर वळल्यावर वाटतं, जिंकलं. आता नुसतं उतरायचं. खरी वसुली इथे सुरू होते. चढताना मांडीचे स्नायू आकुंचन पावून शरीर वर ढकलतात. उतरताना तेच स्नायू ब्रेकचं काम करतात, म्हणजे ताणले जात असतानाच जोर लावतात. या प्रकारात दम लागत नाही, ऊर्जाही कमी लागते, पण स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा जास्त होतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना जे "आई गं" निघतं, ते यामुळे. त्याचा दोष लॅक्टिक ॲसिडला देण्याची पद्धत आहे, पण धावताना वाढलेलं लॅक्टेट तासाभरात निवळतं. दुखणं मात्र एक ते तीन दिवसांनी शिगेला पोहोचतं.

यावर चांगला उपाय म्हणजे शर्यतीच्या दोन-तीन आठवडे आधी एकदा लांब उतार धावून ठेवणं. त्या पहिल्या इजेतून स्नायू शिकतात आणि पुढचे काही आठवडे तसाच मार बराच सहन करतात. शर्यतीच्या दिवशी पावलं छोटी आणि भराभर टाकावीत, टाच पुढे रोवून ब्रेक मारू नये. आणि आधीच वेदनाशामक गोळी घेऊन उभं राहू नये. आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या मूत्रपिंडाकडे जाणारं रक्त कमी करतात, आणि घाम गाळणाऱ्या शरीरात तिथलं रक्त आधीच घटलेलं असतं.

समर्थ मंदिरापाशी दादा छत्री मिटून उभा होता. अनोळखी लोकांना नावाने हाक मारायला येत नाही म्हणून तो बिबवरचे क्रमांक वाचून ओरडत होता. मला बघितल्यावर त्याने फक्त सोललेलं केळं पुढे केलं आणि पन्नासेक पावलं माझ्या बाजूने भराभर चालला. मग थांबला. त्याचं थांबणं मी मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मीही थांबले असते.

मला दोन तास ५१ मिनिटं लागली.

परतीची गाडी

बाहेरगावच्या शर्यतीतला धोक्याचा एक टप्पा पदक गळ्यात पडल्यावर सुरू होतो. रात्रीची अर्धी झोप, पहाटेचं उठणं, तीन तासांचे श्रम, वर पोटभर जेवण आणि मग पुणे-बंगळूर महामार्गावर स्टिअरिंग. थकलेल्या माणसाला डुलकी लागते हे कळतही नाही. शर्यत धावलेल्या माणसाने त्या दिवशी गाडी चालवू नये, हा नियमच करावा. एक मुक्काम वाढवावा, एसटी-रेल्वेने जावं किंवा न धावणारा चालक सोबत ठेवावा. आम्हाला रविवारचा मुक्काम मिळाला होता. दुपारी झोप काढली, संध्याकाळी पेढे खाल्ले आणि सोमवारी सकाळी वहिनींनी गाडी चालवली. दर तासाभराने उतरून दहा मिनिटं चाललो, कारण थकलेले पाय चार-पाच तास दुमडून ठेवले की सूज येते आणि क्वचित पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळीही होऊ शकते. एकाच पायाची पोटरी दुखून सुजली तर तो "शर्यतीचा ताण" समजू नये, डॉक्टरांना दाखवावं.

कास राहून गेलं. वहिनी त्याबद्दल काही बोलल्या नाहीत.

सोमवारी संध्याकाळी दादाच्या तपासण्या झाल्या. डेंग्यू नाही, ईसीजी नीट, पेशींमध्ये साध्या विषाणूजन्य तापाच्या खुणा. रिपोर्ट टेबलावर ठेवून दादा म्हणाला, "म्हणजे पळता आलं असतं."

कदाचित आलं असतं. बहुधा आलंच असतं. अशा शंभर माणसांतली बहुतेक घाट चढून उतरून पेढे खातील, आणि म्हणूनच ही सावधगिरी शिकवणं अवघड आहे. ज्याने ऐकलं त्याच्याकडे दाखवायला काहीच नसतं. पदक नाही आणि टळलेल्या संकटाचा पुरावाही नाही. पण सुखरूप घरी पोहोचल्यावर हेल्मेट उगाच घातलं होतं असं आपण म्हणत नाही.

दादाने दहा दिवस विश्रांती घेतली, मग चालायला सुरुवात केली, नाडी पुन्हा ६२वर आल्यावर सावकाश धावायला. डिसेंबरात त्याच्या वाढदिवशी पहाटे आम्ही येऊरला गेलो. चढाच्या टोकाला तो कठड्यावर बसला, बूट सैल केले आणि म्हणाला, "नानांनी हा चढ कधी बघितला पण नसेल." मी पाण्याची बाटली पुढे केली. त्याने दोन घोट घेतले, तहानेपुरतेच, आणि आम्ही उतरायला लागलो.

बाहेरगावी धावायला जाताना

• ताप, अंगदुखी, जुलाब किंवा छातीचा त्रास असेल तर शर्यत रद्द. ताप गेल्यावरही काही दिवस थांबून, हळूहळू सुरुवात करावी. छातीत दुखणं, धाप किंवा धडधड असेल तर डॉक्टरांकडे लगेच जावं.

• "न धावण्याची" सोय आधीच करून ठेवावी. त्या गावात धावण्याखेरीज करण्यासारखं काही असेल, तर शर्यत सोडणं सोपं जातं.

• आदल्या दिवशी किल्ला, धबधबा, बाजार नको. ते शर्यतीनंतरच्या दिवसासाठी.

• नवे बूट, नवं जेवण, नवी गोळी यांपैकी काहीही शर्यतीच्या दिवशी प्रथमच वापरू नये.

• बिबच्या मागे रक्तगट, आजार, औषधं आणि घरच्यांचा नंबर लिहावा. बिब दुसऱ्याला देऊ नये, दुसऱ्याचा घेऊ नये.

• सोबत येणाऱ्या एका तरी माणसाने सीपीआर शिकून घ्यावं.